कपाचा कान पोटाकडे

आमच्या व्याह्यांइतका कशाचीच घाई नसलेला माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. सापडलाच, तर तो त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून शिरलेला आणि अजून बाहेर न पडलेला कोणीतरी असेल. देवळाली कॅम्पाच्या बाजारात त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. ‘होतं’ म्हणतो, कारण ते ज्या पद्धतीनं चालवायचे त्या पद्धतीनं कुठलंच दुकान फार काळ ‘आहे’ राहत नाही. एखादा बाप तीन वर्षांच्या पोराला घेऊन क्रिकेटचे ग्लोव्हज मागायला आला, की हे आधी पोराला काउंटरवर बसवायचे, त्याच्या पुढ्यात बरोबर मधोमध एक चेंडू ठेवायचे आणि स्वतः छताकडे बघत उभे राहायचे. पोरानं चेंडू एकदा डाव्या हातानं उचलला आणि एकदा उजव्यानं, की निकाल लागायचा. “याचा हात अजून ठरलेला नाही. दोन वर्षांनी या.” बाप म्हणायचा, “अहो काका, वाढदिवस आज आहे.” “मग फुटबॉल न्या. त्याला हात लागत नाहीत.” बाप पैसे काढेपर्यंत यांच्या मनात नवीच शंका यायची, ‘पण पाय कुठला?’ आणि फुटबॉल परत फळीवर जायचा.

कोणालाही काहीही द्यायचं ते मधोमध, हा त्यांचा धर्मच होता. पेपर, किल्ली, सुपारीचा डबा, सगळं समोरच्याच्या नाकाच्या रेषेत ठेवायचं आणि आपण दुसरीकडे बघायचं. चहाचा कप ठेवताना त्याचा कान समोरच्याच्या पोटाकडे करायचा. “कान उजवीकडे असला की माणूस कानाच्या सोयीनं हात घालतो. मग त्याच्या मनातला हात कसा कळणार?” मनातला हात कळून यांना काय करायचं होतं, ते मात्र कोणालाच कळलं नाही. शिवाय निदान दर वेळी बरोबर यायचं असंही नाही. नाशिकरोडहून कॅम्पाला जाणाऱ्या बसमध्ये एकदा त्यांनी कंडक्टरला कौतुकानं सांगितलं, “तुम्ही जन्माचे डावखुरे. तिकीट फाडण्यातली सफाई बघा.” कंडक्टर म्हणाला, “डावखुरा कशाचा काका, उजव्या बगलेत गळू झालंय.” हे उतरेपर्यंत त्याला गळवावर पोटीस कशी बांधायची ते सांगत राहिले. स्वतःचं चुकलं की त्यांना वेगळाच आनंद व्हायचा.

माझी त्यांची पहिली भेट मुलाच्या लग्नाच्या बोलणीत झाली. माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की माझ्या हातून चहा सांडला तर आमच्या घरात कोणी मान वर करत नाही. नाही सांडला तर तब्येत विचारतात. त्या दिवशी तब्येत उत्तम होती. अख्खा कप त्यांच्या पांढऱ्या शुभ्र लेंग्यावर गेला. त्यांच्या घरातली मंडळी फडकी घेऊन धावली, सौ.नं मला डोळ्यांनीच घरी पाठवून दिलं, आणि हे गृहस्थ गरम चहात बसून शांतपणे माझ्या हातांकडे बघत होते. म्हणाले, “तुम्ही कप डाव्यानं उचललात, मग उजव्यात घेतलात. मधल्या प्रवासात सांडला. असं का करता?” परत येताना रिक्षात सौ. म्हणाली, “मुलगी छान आहे. वडिलांचं बघू नंतर.”

लग्न झालं, जुई झाली. जुई म्हणजे आमची नात. तिला तिसरं वर्ष लागलं तेव्हा ती डाव्या हातानं रेघोट्या मारायची, उजव्या हातानं बाहुलीचे केस विंचरायची आणि पेढा ज्या हाताला लागेल त्यानं खायची. व्याही दर रविवारी कॅम्पातून यायचे, तिच्यासमोर एक द्राक्ष मधोमध ठेवायचे आणि पोरगी पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखे सांगायचे, “अजून ठरलेलं नाही.” माझं मात्र ठरलं होतं. आमच्या घरात डावरं कोणी नाही, मग हिनं कशाला व्हायचं? ती चमचा डाव्या हातात घ्यायची, मी तो काढून उजव्यात द्यायचो. ती परत डाव्यात, मी परत उजव्यात. वरणभात निवून जायचा, पण आजोबांनी वळण लावलं याचं समाधान मोठं होतं.

दसऱ्याला मी पाटीपूजन काढलं. पाटावर पाटी, तिला हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि जुईच्या हातून पहिली सरस्वती. तिनं पेन्सिल डाव्या हातात घेतली. मी हसत हसत ती उजव्यात दिली, तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली आणि एकाचे आकडे काढायला लागलो. तिनं हात ओढला. मी जरा घट्ट धरला. पेन्सिल मोडली. जुई रडली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तशीच बसून राहिली.

त्या दिवसापासून तिनं काहीच काढलं नाही. तोवर आमच्या दिवाणखान्याच्या भिंती तिच्या उंचीपर्यंत रंगलेल्या असायच्या आणि सौ. त्यावरून रोज बोलायची. आता भिंत पुसली की पुसलेलीच राहायला लागली, आणि ती स्वच्छता कोणालाच बघवेना. सूनबाई आवाज चढवणारी नाही. ती एवढंच म्हणाली, “बाबा, ती चमचाही धरत नाही आता. मीच भरवते.” तिनं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

तिनं माहेरी कळवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी व्याही पिशवी घेऊन राहायलाच आले. मी बचाव तयार ठेवला होता. “तुम्हीच सांगा व्याही, देवासमोर डावा हात कसा चालेल?”

ते चप्पल काढून सरळ देवघराशी गेले. “तुमच्या गणपतीनं मोदक कुठल्या हातात धरलाय?”

मी चष्मा लावला. पितळेचा गणपती, जन्मभर मीच घासत आलेला. मोदक डाव्या हातात होता.

“सोंडही तिकडेच वळवलीय,” व्याही म्हणाले. “त्याला कोणी काही बोललं नाही वाटतं.”

मग त्यांनी दिवाणखान्यात सतरंजी घातली. जुईच्या पुढ्यात पाटी, पाटीवर मधोमध पेन्सिल, तिचं टोक खिडकीकडेही नाही की दाराकडेही नाही, सरळ समोर. स्वतः पेपर उघडून तोंडासमोर धरला आणि अर्धा मला दिला. “तुम्हीही धरा. बघायचं नाही. तुमचे डोळे तिचा हात ओढतात.” रोज सकाळी हा कार्यक्रम. जुई हात पाठीशी घेऊन बसायची, आम्ही दोन म्हातारे पेपरामागे. माझी मान लांब झाली की पलीकडून आवाज यायचा, “व्याही, मान.” छोट्या जाहिराती माझ्या पाठ झाल्या. मी एकदा कुजबुजलो, “नाहीच काढलं तिनं कधी, तर?” त्यांनी पेपर तोंडासमोर आणखी वर धरला. त्यांनाही भीती वाटते हे मला तेव्हा कळलं.

दिवाळीची साफसफाई चालू होती. आतून भांड्यांचा आवाज येत होता, त्यातच एक बारीक आवाज मिसळला. पाटीवर पेन्सिल घासल्याचा. मी श्वास धरला. व्याह्यांनी नुसतं पान उलटलं. मग मात्र माझ्याच्यानं राहवेना, मी पेपराच्या कडेनं बघितलं. डावा हात काढत होता आणि उजव्या हाताचा पंजा पाटी सरकू नये म्हणून दाबून बसला होता. दोघांचं काही भांडण नव्हतं. भांडण माझंच होतं.

“आबा, झालं,” ती व्याह्यांना म्हणाली. पाटीवर एक मोठा गोळा, त्याला काड्यांचे पाय, आणि खाली खूपसे ठिपके.

“कोण हे?”

“आजोबा. चहा सांडला.”

व्याही इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना पाणी देताना माझ्या हातून तेही सांडलं. मी विचारलं, “ठरलं म्हणायचं मग?” “तुम्हाला कसली घाई हो? उद्या उजव्यानं काढेल, परवा परत डाव्यानं. तिचं तिला ठरवू द्या.” मग ओला सदरा झटकत म्हणाले, “पण तुमचा हात लहानपणी कोणी बदलला?”

“कोणीच नाही,” मी ठामपणे सांगितलं. तरी संध्याकाळी सायखेड्याला थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, “तुला माहीत नाय? आरं तू डावराच व्हता. आई तुझ्या डाव्या मुठीत खडीसाखर द्यायची. जेवण व्हईस्तोवर मूठ उघडायची नाय, मग खायची. लय हुशार बाई. तू खडीसाखरेसाठी उजव्यानं जेवायला शिकला.”

रात्री हे सगळं मी व्याह्यांना सांगितलं. आई जाऊन खूप वर्षं झाली. तिनं मला वळण लावलं आणि ते मला गोड लागलं, एवढंच त्यातून उरलं होतं. व्याही म्हणाले, “तिनं साखर दिली. मारलं नाही. चांगलं केलं.” थोड्या वेळानं म्हणाले, “पण आता मूठ उघडायला हरकत नाही. जेवण केव्हाच झालंय.”

आता व्याही बंगळुरूला मुलाकडे असतात. कॅम्पातल्या दुकानाचं शटर उतरलं. जुई शाळेत जाते, डाव्या हातानं लिहिते, उजव्या हातानं चेंडू फेकते, आणि आमच्या भिंती परत वाईट दिसतात.

परवा दुपारी मी चहा केला. कप टेबलावर मधोमध ठेवला, कान पोटाकडे केला आणि छताकडे बघत बसलो. हात गेला तो डावा. मी त्याला जाऊ दिलं. चहा संपला. सौ. बाहेर आली, तिनं कोरडी बशी बघितली आणि माझ्या कपाळाला हात लावला. “बरं आहे ना तुम्हाला?”

“छान आहे,” मी म्हणालो. ती आत गेल्यावर भांड्यात उरलेला चहा दुसऱ्या कपात ओतला आणि व्याही बसायचे त्या खुर्चीपुढे ठेवला. बरोबर मधोमध, कान त्यांच्या पोटाकडे. तो तसाच निवत राहिला. मला काही घाई नव्हती.