तास-दीड तास की अख्खी दुपार

सगळे तिला मासोळी म्हणायचे. तलावावर पोहायला शिकवण्यात तिचा जन्म गेला; पाण्याचं नाव काढताच रडणारी कितीतरी पोरं तिचा दंड धरून पलीकडच्या काठाला लागली. पण बस चालवणाऱ्या नवऱ्याची फुप्फुसं कामातून गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि मासोळी कोरडी पडली. वीज कधी दगा देईल याचा नेम नसे. गेली की सिलिंडरला नळी जोडायची ती हिनेच; त्याच्या हातात तेवढा जोर उरला नव्हता.

शेवटी शेजारणीला घरी बसवून ती दुकानात गेली. दुकानदाराने दोन पॉवर स्टेशनं, म्हणजे वीज साठवणाऱ्या पेटीएवढ्या बॅटऱ्या, दाखवली.

"वीज गेली की दोन्ही आपोआप सुरू होतात. लहान हातात धरून कुठेही न्या, पण त्यावर तुमचं यंत्र तास-दीड तासच चालेल. मोठ्यावर अख्खी दुपार निघेल. फक्त ते उचलायला दोघं लागतात."

तिने नवऱ्याला फोन लावला.

"लहान घे," तो धापा टाकत म्हणाला. "घेऊन खाली तरी उतरता येईल. या भिंती बघून डोळे विटले गं."

"आणि मी? तास-दीड तासात तलावावर जाऊन यायचं कसं?"

मग तो म्हणाला, "मोठं घे. मी काय, पडलेलाच आहे."

बोल जिव्हारी लागला, तरी तिने मोठंच घेतलं.

पुढच्याच आठवड्यात ती पाण्यात उतरली. चार हात मारले न मारले, तोच 'आपोआप सुरू नाही झालं तर?' हा भुंगा डोक्यात शिरला. ओल्या केसांनी ती घरी धावली. वीज गेलेलीच होती, लिफ्ट बंद. जिने चढून पोचली, तर यंत्र आपलं सुरळीत घुरघुरत होतं.

"एवढ्यात आलीस?"

"पाणी गार होतं."

"थापा मारू नकोस. गार पाण्याला तू कधी भ्यालीस?" तो जरा दम खाऊन म्हणाला, "त्या दिवशी मी तोडून बोललो. जा गं तू. मला काही होत नाही."

ती जाते. काठावर बसून पाय पाण्यात सोडते, फोन मुठीत धरते. हल्ली शिकवणारी मुलगी विचारते, "ताई, उतरताय ना?"

"येते गं," ती म्हणते, आणि बसून राहते.