शेवटच्या कडव्यातलं नाव

गेले तीन आठवडे मी एकच गाणं ऐकतो आहे, आणि शेवटचं कडवं आलं की बंद करतो.

सकाळी चहा झाल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून बसतो. कानात घालायच्या दोन बिया सुनेने दिल्या आहेत. एक नीट बसते, दुसरी सारखी पडते. त्यामुळे उजव्या कानात ढोलकी आणि डाव्या कानात मिरकरवाडा बंदराकडे जाणारे बर्फाचे टेम्पो, असं माझं ऐकणं चालतं. गाणं म्हणजे जाखडीतली गवळण आहे. ज्यांनी जाखडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गौरी-गणपतीत आमच्याकडच्या गावांतले पुरुष पायात चाळ बांधून गोल धरतात आणि नाचतात. मध्ये गाणारे आणि ढोलकी-झांजवाले बसतात. दोन मंडळं समोरासमोर आली की गाण्यातूनच सवाल, जवाब आणि टोमणे. प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते रचणाऱ्याचं नाव घालतात. नाव नसलेलं गाणं बेवारशी, कुणीही उचलावं.

या गवळणीत माझं नाव आहे.

माझी नात पुण्याला नोकरी करते. तिने घरच्या ग्रुपवर एक टूम काढली आहे. दर रविवारी प्रत्येकाने सध्या जे ऐकतो ते एक गाणं टाकायचं आणि का ऐकतो ते खाली लिहायचं. मुलगा गझला टाकतो. मुंबईचा पुतण्या असलं काही टाकतो की हातातला फोन थरथरतो. गावाहून पुतणी अभंग टाकते आणि लिहिते, "भाकऱ्या करताना ऐकते." मी काहीच टाकत नसे. मग एका रविवारी नातीने लिहिलं, "आबा फुकट ऐकून पळतात. आज आबांकडून घेतल्याशिवाय सोडायचं नाही."

मी हाच व्हिडिओ टाकला. आमच्याच गावच्या मंडळाचा, यंदाच्या गणपतीतला. का ऐकतो ते लिहिलं नाही.

तासाभरात ग्रुप भरून गेला. नातीने लिहिलं, "आबा! हे तुम्ही लिहिलंय? आणि आम्हाला पत्ताच नाही! शेवटी तुमच्या नावापाशी तो गायक जी गिरकी घेतो ना, तिथे काटा आला अंगावर." मग अंगठे आले, फुलं आली. मुंबईच्या पुतण्याने लिहिलं, "काका, रॉयल्टी मिळते का?" गावच्या पुतणीने मात्र काही टाकलं नाही. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावून घ्यावा.

ती गवळण माझी नाही. माझ्या वहिनीची आहे. शब्द तिचे, आणि चालही बरीचशी तिचीच.

थोरले भाऊ मुंबईला गिरणीत होते. शिमग्याला आणि गणपतीला यायचे. मी नुकताच शेजारच्या गावच्या शाळेत मास्तर झालो होतो आणि घरीच राहत होतो. मंडळाचे जुने शाहीर अंथरुणाला खिळले तेव्हा गाण्यांची वही माझ्याकडे आली, कारण गावात माझं अक्षर सगळ्यांत चांगलं. मला अक्षर होतं, गाणं नव्हतं. हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मी रचलेली पदं शाळेच्या परिपाठासारखी वाटत.

वहिनीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात भाताची रोपं उपटताना ती जोडत जायची, आणि संध्याकाळी चुलीपुढे बसून मला सांगायची. "लिवा भावजी, नायतर इसरन." मी पडवीत कंदील घेऊन लिहायचो. एखादा शब्द मी सुधारायला गेलो की ती तो पुन्हा म्हणून बघायची आणि म्हणायची, "ह्यो शब्द शाळंतला हाय. काढा."

त्या गवळणीत गोपीच्या डोक्यावर दुधाचा हंडा नाही, गवताचा भारा आहे. कृष्ण वाट अडवतो. एरवीच्या गवळणीत गोपी रागावते, लाजते, यशोदेकडे जाते. वहिनीची गोपी म्हणते, आधी भाऱ्याला हात लाव, तो खाली घे, मग अडव किती अडवायची ती वाट. कातळावरून भारा घेऊन येणाऱ्या बाईला तो एकटीने उतरवता येत नाही. वाटेत दगडांचा गडगा असला तर त्याला टेकून उभं राहायचं, नसला तर कुणीतरी येईपर्यंत डोक्यावर घेऊन थांबायचं. हे मी रोज डोळ्यांनी पाहत होतो. ते गाण्यात येण्यासारखं काही असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

गाणं पुरं झालं आणि शेवटचं कडवं राहिलं.

"ह्या ओळीत काय?" वहिनीने विचारलं.

"रचणाऱ्याचं नाव लागतं," मी म्हटलं.

ती भाकरी थापत होती. हसली. "मग माझंच घाला. कळूं दे लोकांना तुमच्या घरात कोण हाय ती."

मी बोटांवर मात्रा मोजल्या. "नाही बसत," म्हटलं.

"ह्ये सासरचं झालं. म्हायेरचं बगा. ते ल्हान हाय."

लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात. माहेरचं नाव त्या घरात कुणी घेत नाही, काही वर्षांनी ते कुणाला आठवतही नाही. वहिनीच्या तोंडून ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी पुन्हा मोजल्यासारखं केलं, या वेळी डाव्या हाताच्या बोटांवर.

"तेही नाही बसत. मात्रा वाढतात."

"मात्रा मंजे काय वो?"

"म्हणजे ओळीत तेवढी जागा नाही."

"जागा नाय," ती म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

जागा होती. सासरचं नाव बसत होतं. माहेरचं तर अधिकच बसत होतं. माझं बसत नव्हतं. एक अक्षर वर उरत होतं, ते मी चालीत कसंबसं गुंडाळलं. नातीला जी गिरकी आवडते ती तीच. नाव ओळीत मावत नाही म्हणून गाणाऱ्याला तिथे वळसा घालावा लागतो.

दोन दिवसांनी देवळापुढच्या पटांगणात सामना झाला. गवळण अशी रंगली की नाचणारे पुन्हा पुन्हा धृपदावर यायला लागले. समोरच्या मंडळाचे शाहीर उठले. आडदांड माणूस, आवाज दगडी, आणि डोळ्यांत मिश्कीलपणा. म्हणाले, "मास्तर, गवळण झकास! पण एक सांगा, भारा कधी डोक्यावर घेतलात काय? की आपली छत्रीच?"

पटांगण हसलं. त्यांनी थट्टाच केली होती, पण त्यांना वास आला होता असं मला आजही वाटतं. हे गाणं पुरुषाने रचलेलं नाही हे त्या एका माणसाला ऐकताक्षणी समजलं असावं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी नाही घेतला. माझ्या आईनं घेतला. मी तिच्या पदराला धरून चालत होतो." टाळ्या पडल्या. त्या शाहिरांनीही वाजवल्या. भाऊ मुंबईहून आले होते. त्यांनी पुढे येऊन मला खांद्यावर उचललं आणि गोलातून फिरवलं. वरून मला बायकांची रांग दिसली. आई टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारी वहिनी बसली होती. ती काय करत होती ते मला आठवत नाही. आठवायचा मी बराच प्रयत्न केला आहे.

त्यानंतर तिने मला एकही ओळ सांगितली नाही. पुढच्या वर्षी मी मागितली. "सुचत नाय आता," एवढंच म्हणाली. मला तर काही सुचतच नव्हतं. दोन-तीन वर्षं रेटलं, मग बदली झाली आणि वही दुसऱ्याकडे दिली. गवळण मात्र राहिली. ती आजूबाजूच्या मंडळांनी उचलली, माझ्या नावासकट. निवृत्त झालो तेव्हा गावाने सत्कार केला, त्यात ती म्हटली गेली. मी शाल घेतली. बायकोलाही मी खरं कधी सांगितलं नाही. ती गेली. भाऊ गेले.

ग्रुपवरच्या त्या रविवारनंतर दोन आठवडे मी नुसता ऐकत राहिलो. वाईट वाटत होतं असंही म्हणता येत नाही. काहीच वाटत नव्हतं. जेवत होतो, झोप लागत होती. फक्त शेवटचं कडवं ऐकवत नव्हतं. मग परवा मंगळवारी सकाळच्या एस.टी.ने गावी गेलो.

वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहे. पडवीत सूप घेऊन कुळीथ निवडत बसली होती. मला पाहून आत हाक दिली, "चाय टाक गो, भावजी आलेत. वाट चुकलेत वाटतं." पुतणी बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली.

मी फोन काढला. "वहिनी, एक गाणं ऐका." कानात घालायची बी पुढे केली.

"कानात काय घालूं नका. उघडं लावा."

उघडं लावलं. ती निवडत राहिली. मधेच म्हणाली, "ढोलकी बरी वाजवतो पोर. कुणाचो?" शेवटचं कडवं आलं. मी बंद केलं नाही. माझं नाव आलं, त्यावरची गिरकी आली.

"लय वळवलान," ती म्हणाली.

"वहिनी, तुमचं नाव त्या ओळीत बसत होतं. मी खोटं बोललो."

तिने सुपातून मान वर केली नाही. "माला ठाव हाय."

"कधीपासून?"

"भाकऱ्या झाल्या आनि म्हणून बगितलं. बसलं."

पुतणी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "काका, आम्ही बायका ते आईच्याच नावानं म्हणतो. गौर आणायला पाणवठ्यावर जातो ना, तेव्हा. माहेरचं नाव आहे त्यात. मी लहानपणापासून तसंच म्हणत आले. मला वाटायचं, पुरुषांचं वेगळं असतं आणि आमचं वेगळं." आणि तिने ते कडवं तिथेच, चहाचा ट्रे हातात धरून, म्हणून दाखवलं. नाव आलं आणि सरळ निघून गेलं. कुठे वळलं नाही, कुठे अडकलं नाही.

मी त्या घरात पंचवीस वर्षांचा होईपर्यंत राहिलो. बायका गौर आणायला जात तेव्हा आम्ही पुरुष चाळ बांधण्यात असायचो.

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?" मी वहिनीला विचारलं.

"तुमी मास्तर. मात्रा तुमाला कळतात, माला काय?" सुपातला एक खडा वेचून टाकत म्हणाली, "आनि ह्यांनी तुमाला खांद्यावर घेतलेलो. तितं मी काय बोलनार होते?"

मी म्हटलं, मंडळाला सांगतो, पुढच्या गणपतीपासून तुमचं नाव घालतील. माझं काढतील.

"नको," ती म्हणाली. "म्हायेरचं नाव हाय ते. गावभरच्या पोरांच्या तोंडी कशाला? आमच्या बायकांत हाय ते बरं हाय." म्हणून ते नाव मी इथेही लिहीत नाही.

"मग मी काय करू?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हिनं माला दाखवलान तुमच्या त्या गुरुपवर. सगळी तुमाला अंगठे करतात. तितं बोला."

"बोलतो. गाणं तुमचं आहे हे सांगतो."

"गाणं मागनं सांगा. आदी मात्रेचं सांगा. जागा नाय म्हनालात ना, ते."

मी लिहायला लागलो. ती म्हणाली, "लिवू नका. माला वाचता येत नाय. काय लिवलात ते मी कसं बगू? तोंडानं बोला." पुतणीने फोन माझ्या तोंडापुढे धरला आणि बटण दाबलं.

मी म्हणालो की मी टाकलेलं गाणं माझं नाही, तुमच्या मोठ्या काकूचं आहे...

"आदी मात्रेचं," वहिनी म्हणाली.

पुतणीने ते पुसलं. दुसऱ्यांदा मी म्हणालो की काकूंनी शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायला सांगितलं होतं, मी मात्रा मोजल्यासारखं केलं आणि ते बसत नाही असं खोटं सांगितलं. ते बसत होतं...

"दोनी," वहिनी म्हणाली. "दोनी नावं सांगितलेली मी. दोनी बसत होती."

तेही पुसलं. तिसऱ्यांदा मी सगळं सांगितलं. त्यांनी दोन नावं सांगितली, दोन्ही बसत होती, आणि न बसणारं माझं नाव मी घातलं. नंतर गाणं कुणाचं ते सांगितलं. शेवटी भाऱ्याचं सांगितलं, की मी तो कधी घेतला नाही, आणि आईचंही मी पटांगणात ऐनवेळी जुळवून सांगितलं होतं. शाळेत हजेरी घेतल्यासारखा मी बोलत होतो. पुतणीने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने मान हलवली, तेव्हा तिने पाठवलं.

मला वाटलं होतं, बोलल्यावर छातीतून काही सुटेल. तसं झालं नाही. चहा निवला होता, तो मी प्यालो.

"कोन काय बोललं?" थोड्या वेळाने वहिनीने विचारलं.

पुतणीने फोन पाहिला. "कुणीच नाय अजून. अंगठा पन नाय. ऐकलंय मात्र सगळ्यांनी."

"ऐकलं ना?" वहिनी म्हणाली. "झालं तर."