रिकाम्या जाळ्याचा राखणदार

आमच्या गावात हॉकी कोणी पाहिली नव्हती, म्हणून तिच्याबद्दल सगळ्यांनाच सगळं ठाऊक होतं. पाहिलेल्या गोष्टीवर माणूस जरा जपून बोलतो. न पाहिलेल्या गोष्टीवर बोलायला रोज संध्याकाळी आमच्या अंगणात अर्धं गाव जमायचं, आणि त्यांच्यासाठी कोरा चहा करून करून माझे डोळे धुराने लाल व्हायचे.

जमायचे आमच्याच अंगणात, कारण आमचे हे मुंबईत एका कंपनीच्या टीममध्ये गोलकीपर होते. कागदावर ते गोदामातले हमाल, पगारही हमालाचाच. पण पोती उचलायची नाहीत, चेंडू अडवायचे. गोदामापुढच्या पटांगणात साहेबलोक खेळत असताना एक चेंडू यांच्या अंगावर आला, तो यांनी डोक्यावरचं पोतं न हलवता पायाने जागीच थांबवला. साहेबाने ते पोतं तिथल्या तिथे खाली उतरवायला लावलं. होडीवर वाढलेल्या माणसाला हलत्या फळीवर पाय रोवून उभं राहायची सवय असते, त्यात यांचं कौतुक किती आणि फळीचं किती ते देव जाणे.

लग्न होऊन वर्ष झालं होतं. मी रेवसच्या अलीकडे सासरी आणि हे खाडीपलीकडे मुंबईत, गावच्या खलाशांबरोबर एका कोंदट खोलीत पथारी टाकून. साहेबाने शब्द दिला होता, की नाताळापर्यंत टीममध्ये टिकलास तर कायम करीन आणि कंपनीच्या चाळीत खोली देईन. मला ती खोली हवी होती. सासर वाईट नव्हतं. पण मी लग्न नवऱ्याशी केलं होतं, वाळत घातलेल्या बोंबलांशी नाही. त्यामुळे अंगणात इतर लोक हॉकीची चर्चा करायचे तेव्हा चुलीपाशी बसून मी माझ्या खोलीची चर्चा ऐकत असे.

पावसाळा सरला, होड्या पाण्यात उतरल्या आणि तिकडे हॉकीचा हंगाम सुरू झाला. आमची टीम पहिला सामना हरली. दुसराही हरली. रेवसच्या लाँचमधून पेपर यायचा, तोही कशाला तरी गुंडाळून, आणि गावचा न्हावी तो मोठ्याने वाचून दाखवायचा. मला वाचता येत होतं, पण मला कोण विचारतो? न्हाव्याचा आवाज खणखणीत होता आणि अडलेला शब्द तो मनानेच भरून काढी, त्यामुळे ऐकायला कुठे खाचखळगा लागत नसे.

एकदा पेपरात फोटो आला. दोन खांब, मागे बांधलेली जाळी आणि तोंडाशी वाकून उभे आमचे हे. मामंजींनी फोटो दिव्यापाशी नेला आणि जाहीर केलं, "ही तर डोल हाय!"

डोल म्हणजे आमचं नेहमीचं जाळं. समुद्रात खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखं जाळं तोंड उघडं ठेवून बांधायचं, म्हणजे पाण्याच्या ओढीबरोबर मासळी आपण होऊन आत येते. फोटोत तेच दिसत होतं. सगळ्यांना एकदम उमगलं. मलाही उमगलं, खोटं कशाला बोलू? फोटोखाली न्हाव्याने वाचलं, की चेंडू सात वेळा जाळ्यात गेला आणि गोलकीपरचे फार हाल झाले.

"सात येळा भरलं!" मामंजींचा ऊर भरून आला. "हाल व्हनारच की! भरलेलं जाळं वढायचं म्हंजे काय खायचं काम हाय?"

सासूबाईंनी तेवढ्यावर यांची दृष्ट काढली. हे समोर नसताना, फोटोवरूनच.

मग प्रश्न उरला, की पोराचं जाळं सात वेळा भरतंय आणि पलीकडच्यांचं कोरडं ठणठणीत, तर टीम हरते कशी? याचा दोष दोन ठिकाणी वाटून दिला गेला. अर्धा साहेबावर, कारण मोजणारा तोच. उरलेला अर्धा टीममधल्या बाकीच्या दहा जणांवर. मामंजी तांडेल होते, म्हणजे होडीचे मुख्य. कोणाला पुढे नाळेवर उभं करायचं, कोणाला सुकाणूपाशी बसवायचं, हे त्यांच्या शब्दावर चाले. त्यांनी अंगणात अकरा शिंपले मांडले आणि टीम बांधायला घेतली.

"ह्ये पाच जन पुढं का पळतात?" त्यांनी विचारलं. "जाळं टाकून कोन पळतो का?"

"साहेबाची पद्धत आसंल," न्हावी म्हणाला.

"म्हनून तर बुडतोय साहेब."

पुढचे पाच शिंपले मागे आले. मग मधलेही आले. शेवटी अकराच्या अकरा शिंपले जाळ्याच्या तोंडाशी गोळा झाले, तेव्हा कुठे मामंजींना समाधान वाटलं. डावीकडच्या टोकाच्या खेळाडूवर गावाचा विशेष राग होता. त्याचं नाव न्हाव्याला वाचता येत नसे, आणि ज्याचं नाव धड घेता येत नाही तो मासळी काय धरणार, असं सर्वांचं मत पडलं. त्याला काढून त्याच्या जागी आमच्या थळच्या मावसदिरांना घ्यावं, असाही विचार निघाला. मावसदीर लाजले, पण नाही म्हणाले नाहीत. सामने भरतीच्या वेळी का ठेवत नाहीत, हे तर कोणालाच कळेना. सासूबाई मासळी विकायला भाऊच्या धक्क्यावर जात, त्यांना बजावलं गेलं, की साहेब भेटला तर उधाणाचं सांगा. साहेब काही मासळीबाजारात भेटला नाही.

दिवाळीला हे घरी आले. वाळसऱ्यावर, म्हणजे आम्ही पोहोचवायला-आणायला जातो त्या वाळूच्या पट्ट्यावर, पोरं ताशा घेऊन उभी. मामंजींनी सात शेंदरी फुलांचा हार घातला, सातासाठी सात. हे बावरले.

"हार कशापायी, बाबा?"

"सात येळा भरलंस ना जाळं!"

यांचा चेहरा उतरला. "बाबा, ते आमच्याच अंगावर झाले. चेंडू आत येऊ द्यायचा नसतो. मी तिथं उभा र्‍हातो तो जाळं रिकामं र्‍हावं म्हनून."

ताशा थांबला. मामंजींनी दोनदा तेच विचारलं आणि यांनी दोनदा तेच सांगितलं.

"म्हंजे कोळ्याचा पोर असून तू दिवसभर जाळं रिकामं र्‍हावं म्हनून झटतोस?"

"व्हय."

"आन् याचा तुला पगार देतात?"

"व्हय, बाबा."

मामंजींनी हार काढून घेतला नाही, एवढंच. दिवाळीभर घरात करंज्यांचा वास होता आणि बोलणं नव्हतं. यांनी मला हळूच सांगितलं, की साहेब दुसरा गोलकीपर बघतोय, पुढचे एक-दोन सामने नीट गेले नाहीत तर पुन्हा पोतं डोक्यावर. मला फराळ जाईना.

हे परत गेले आणि अंगणात पुन्हा सभा भरली. आता शिंपले नव्हते, आता प्रकरण गंभीर होतं. त्या वर्षी सुरुवातीपासून मासळीने दगा दिला होता. होड्या जायच्या आणि ओल्या दोऱ्या घेऊन परत यायच्या. कोणीतरी बोटांवर मोजून हिशेब लावला, की पोर तिथे उभा राहायला लागला आणि इथे डोली सुन्या पडल्या, दोन्ही एकाच महिन्यात. पोर तिकडे मनापासून मागतोय, की जाळं रिकामं राहो, रिकामं राहो. दर्याला काय ठाऊक कुठलं जाळं? त्याने ऐकलं बिचाऱ्याने. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. असली गोष्ट एकदा कानात शिरली, की शहाण्या माणसालाही ती खरी वाटू लागते.

तोडगा न्हाव्याने काढला. पोराला जाळ्यापासून हलवून पुढे घालावं. पुढचे लोक पलीकडचं जाळं भरतात, म्हणजे तो जाळं भरू दे म्हणून झटेल आणि दर्याही ते ऐकेल. मामंजींनी न्हाव्याला बरोबर घेऊन साहेबाला समक्ष भेटायचं ठरलं.

मी मात्र हादरले. आमचे हे उभे राहिले तर खांब, पण जमिनीवर पळायला लागले तर बदक. पुढे घातलं तर त्याच दिवशी टीमबाहेर, आणि खोली गेली. सासूबाईंपाशी मी रडले. त्या कोलंब्या निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर लाँचवर चल. टोपली उचलायला दुसरी बाई पायजेच हाय." असं बोलायची त्यांची रीत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं मैदानावर पोहोचलो तेव्हा सामना सुरू झाला होता. साहेब पार पलीकडे. मामंजी आणि न्हावी सरळ जाऊन यांच्या जाळ्यामागे उभे राहिले. आम्ही दोघी टोपल्या घेऊन थोड्या अंतरावर. मामंजींनी आधी जाळी बोटांनी चाचपली. सूत हलकं म्हणून नाक मुरडलं. खाली कोपऱ्यात चार घरं तुटलेली दिसली, तसे ते खाली बसले, कमरेचा दोरा काढला आणि जाळी विणायला लागले. तुटकं जाळं पाहून कोळ्याचे हात गप्प बसत नाहीत, मग ते कुठल्याही पापाचं असो.

तेवढ्यात पलीकडचे चेंडू घेऊन आले. मामंजी विणता विणता ओरडले, "सोड! येऊ दे आत!"

तांडेलाचा हुकूम मोडता येतो हे यांना कोणी शिकवलंच नव्हतं. होडीवर मोडला तर माणूस मरतो. बापाचा आवाज पाठीमागून आला आणि हे पाहुण्याला वाट द्यावी तसे बाजूला झाले. चेंडू थेट नव्या विणीवर येऊन बसला.

"आली!" मामंजी म्हणाले आणि चेंडू हातात घेऊन वजन बघू लागले.

सगळं मैदान हसलं. न्हावीही हसला, लोक हसतात म्हणून. साहेब लाल तोंडाने पलीकडून यायला निघाला. यांनी मागे वळून पाहिलं. बापाकडे नाही, माझ्याकडे. ते तोंड मला आजही पाहवत नाही.

आमच्याकडे सून सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नसे. मी टोपली खाली ठेवली आणि गेले. "मामंजी," मी म्हटलं, "ही डोल आपली न्हाय. साहेबाची हाय. परक्याच्या डोलीला हात लावायचा न्हाय, भरली तरी न्हाय आन् रिकामी र्‍हायली तरी न्हाय. तुम्हीच शिकवता ना सगळ्यांना?"

ही आमची समुद्रावरची रीत. दुसऱ्याच्या खुंटाला होडी बांधलेलीही चालत नाही, त्यावरून खून पडलेत. मामंजींनी दातांनी दोरा तोडला, चेंडू यांच्या पायाशी टाकला आणि मैदानाकडे पाठ करून बसले. पुन्हा वळून पाहिलं नाही. साहेबही अर्ध्या वाटेवरून परत फिरला.

त्यानंतर यांनी जे अडवलं, ते मला खेळ न कळताही कळलं. पायाने, गुडघ्याने, एकदा तर छातीने. एकही आत गेला नाही. शेवटी शेवटी ज्याला गाव शिव्या देत होतं त्या डावीकडच्याने पलीकडे एक घातला आणि सामना बरोबरीत सुटला; त्या हंगामात प्रथमच आम्ही हरलो नाही. साहेबाने यांच्या पाठीवर थाप मारली. मी सासूबाईंचा हात इतका आवळला, की त्यांची बांगडी पिचली.

धक्क्यावर लाँचची वाट पाहताना मामंजी पहिल्यांदा बोलले, तेही माझ्याशी. रागाने नाही. हिशेब चुकला होता आणि आता लागला, अशा आवाजात.

"तू बोललीस ते खरं. जाळं परक्याचं. मग राखनदार पन परक्याचा. त्याला आता आपल्या होडीला हात लावायला सांगू नको."

माझाच शब्द होता.

मासळीही नेमकी त्याच आठवड्यात आली. डोली फाटायची वेळ आली. गावाची खात्रीच पटली, आणि यांच्यासाठी बोलायला कोणाला जागा उरली नाही. नाताळात आम्हाला खोली मिळाली. मी खुशीत होते, ते मी नाकारणार नाही. दारं-खिडक्या पुसताना गात होते.

पुढच्या नारळी पौर्णिमेला आम्ही गावी गेलो. होडी पाण्यात लोटायला सगळे पुरुष लागले, मावसदीरसुद्धा थळहून आले होते. हे वाळूवर बाजूला उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून. दर्याला नारळ दिल्यावर मामंजींनी प्रसादाचा नारळ फोडला, पहिला तुकडा उचलला आणि गर्दीतून चालत येऊन यांच्या हातावर ठेवला, अगदी अदबीने. पहिला तुकडा आमच्याकडे पाहुण्याला देतात.