पोग्राडेकची ल्युलिएता

ड्रिता मार्कूचं बर्लिनमध्ये कपडे अल्टर करायचं छोटंसं दुकान होतं. पँटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या. कुणी अल्बेनियाबद्दल विचारलं, की ती मशीन जरा जोरातच चालवायची.

वल्लरी तिचं जुनं गिऱ्हाईक. पुण्याहून पीएचडीला आलेली. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर अल्बेनियातल्या बायका कशा जगत होत्या, याचे एका जर्मन बाईंनी काढलेले फोटो तिच्याकडे यादी करायला आले होते. मागचा अल्बेनियन मजकूर वाचून घ्यायला ती एका दुपारी गठ्ठाच घेऊन आली.

"दहा मिनिटंच हं," ड्रिता म्हणाली.

पावाच्या रांगा, अंगणात लोकर धुणाऱ्या बायका, बंद पडलेल्या गिरणीच्या पायऱ्यांवर बसलेल्या कामगारणी. ड्रिता भराभर वाचत गेली आणि एका फोटोवर अडली. स्वयंपाकघरात कणीक मळणारी तरुणी. डाव्या कानाची पाळी फाटलेली.

"माझी बहीण. ल्युलिएता." लहानपणी भांडताना डूल ड्रितानंच ओढलं होतं.

"अय्या, खरंच? कुठे असतात त्या?"

"बुडाली. एक्क्याण्णव साली. ठरवलेलं लग्न नको म्हणून घरातून पळाली, इटलीच्या बोटीत चढली. पडताना कुणीतरी पाहिलं म्हणे. आई मरेपर्यंत काळ्या कपड्यात राहिली."

वल्लरीनं फोटोची मागची बाजू पुढे केली. पोग्राडेक, मार्च १९९३. ड्रिताच्या माहेराहून बसनं जेमतेम तीन तास.

त्यानंतर ड्रिताचं कामात लक्ष लागेना. आरशासमोर कुणीही उभी राहिली, की तिची नजर आधी कानाकडे जायची. शेवटी जूनमध्ये दुकान बंद ठेवून ती पोग्राडेकला गेली.

ते घर सापडलं. घरमालकीण नव्वदीची, पण फोटो बघताच म्हणाली, "वेरा! शिवण करायची माझ्याकडे. अठ्ठ्याण्णवच्या थंडीत न्यूमोनियानं गेली. माझं कुणी नाही, म्हणायची. पण दर रविवारी एल्बासानच्या बसपर्यंत जायची. बस सुटेपर्यंत उभी राहायची नि परत यायची."

एल्बासान म्हणजे माहेरच. तिथे आई शहाण्णवपर्यंत जिवंत होती.

परतल्यावर वल्लरीनं हळूच विचारलं, "यादीत नाव काय लिहू?"

ड्रितानं सुईत दोरा ओवायचा दोनदा प्रयत्न केला.

"वेरा लिही," ती म्हणाली. "आम्ही ठेवलेलं नाव घेऊन तिला घरी परत येववलं नाही."