कायले आणि काऊन

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि गाण्यातलं मला फारसं कळत नाही. तरी एका गाण्याच्या कार्यक्रमाबद्दल लिहितो आहे. चुकलं तर समजून घ्या. एका शब्दाबद्दल मात्र माफी मागणार नाही.

त्या आठवड्यात कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी दिलेली माझी कविता मराठीच्या सरांनी परत केली होती. आमच्या सौंदडच्या स्टेशनावरून न थांबता जाणाऱ्या गाडीला मी कवितेत विचारलं होतं, 'काऊन थांबत नाही?' सरांनी 'काऊन'भोवती लाल गोल काढून वर 'का' लिहिलं. म्हणाले, "कविता चांगली आहे. एवढं शुद्ध करून सोमवारी आणा." मी मान हलवली. सरांसमोर मला पटकन बोलता येत नाही.

रविवारी गोंदियात माझ्या आवडत्या गायिकेचा कार्यक्रम होता. ती आमच्याच भागातली, आता पुण्यात राहते. गाणी स्वतःच लिहिते. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत मी बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर, मोबाईल ठेवून तिचं गाणं लावायचो, 'कायले पाहून राहिली वाट'. चिखलातून आई म्हणायची, "हे तं आपल्यासारखीच बोलते गा!"

कार्यक्रम एका कोचिंग क्लासच्या खोलीत होता. बाक बाहेर काढून सतरंज्या घातलेल्या. माईक नाही, नुसती गिटार. तारेवरून बोट घसरलं तरी ऐकू यायचं. गावातला एक मित्र सोबत होता.

गोंदियात हिंदीच जास्त चालते; तिनेही हिंदीत बोलतच सुरुवात केली. मग ते गाणं आलं, आणि ती गायली, 'कशाला पाहतेस वाट'.

"शब्द बदलवला गा तिनं," मित्र कुजबुजला.

गाणं संपल्यावर तिने विचारलं, "किसी को कुछ कहना है?" मी उभा राहिलो.

"ताई, मोबाईलवर तुमी 'कायले' म्हणता. इथं 'कशाला' काऊन म्हटलं?"

लोक हसले. मागून आवाज आला, "गाँव से आया है क्या?"

"हो, सौंदडहून." मी खाली बसलो नाही.

ती हसली नाही. गिटारची खुंटी पिळत म्हणाली, "पुण्यात 'कायले' म्हटलं तं टाळ्या वाजवतेत. इथं वाटलं, आपलेच लोक हासतीन."

"हासू द्या नं!"

आता ती हसली. गाणं पुन्हा पहिल्यापासून घेतलं आणि 'कायले' असं दाबून म्हटलं, की मित्राने माझ्या पाठीत बुक्की मारली.

सोमवारी मी कविता तशीच सरांपुढे ठेवली. "सर, 'काऊन' राहू द्या."

"का?"

"आमच्या गावात त्या गाडीला 'का' कोणी विचारत नाही, सर."

सरांनी कविता पुन्हा वाचली. "असं छापता येणार नाही कदाचित."

"चालेल, सर."

त्यांनी कागद ठेवून घेतला. नंतर कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. परवा बांधीत असताना मित्राचा फोन आला.

"अंक आला गा. तुई कविता नाई त्याच्यात."

"शब्द तं नाई बदलवला ना?"

"कविताच नाई छापली, तं शब्द कोठून बदलवतीन बे?"

"मंग जमते," मी म्हटलं.