उजव्या नाकातली नथ

आमच्या घरात काचेमागून देव रंगवतात. आजोबा रंगवायचे, वडील रंगवतात, आणि सुप्याच्या कंपनीतून सुट्टी मिळाली की मीही बसते. हे काम कागदावरच्या चित्राच्या बरोबर उलटं. डोळे, नथ, कुंकू काचेच्या पाठीवर सगळ्यात आधी काढायचं, चेहऱ्याचा रंग त्यावर, आणि मागचा निळा पडदा शेवटी. डावं-उजवंही उलटंच. शिवाय घरचा नियम असा, की शेवटचा रंग वाळेपर्यंत काच पलटून बघायची नाही. बघणारा म्हणजे हाताचा कच्चा. लहानपणी मी चोरून बघायचे आणि धपाटे खायचे.

गेल्या वर्षी कोल्हारच्या एका कुटुंबाने नव्या घरासाठी देवीची काच सांगितली. वडील तेव्हा जरा विसरायला लागले होते. एकदा चहाच्या कपातच ब्रश बुडवला, त्यावर आम्ही सगळे हसलो. काच पुरी करून, शेवटचा रंग वाळायला ठेवून ते दोन दिवस काष्टीला आत्याकडे गेले. माझी जुनी खोड काही गेली नव्हती. मी काच पलटली. देवीची नथ डावीऐवजी उजव्या नाकपुडीत होती. उभ्या जन्मात डावं-उजवं न चुकलेला माणूस कागदावर काढावी तशी नथ काढून मोकळा झाला होता.

सांगितलं तर ते ब्रश खाली ठेवतील, आणि मग त्यांचं काय उरेल, याची मला भीती वाटली. म्हणून मी ब्लेड घेतलं. नथ हलवायची तर गालापासून डोळ्यांपर्यंत सगळं खरवडावं लागलं. दोन दिवस खपून मी तो चेहरा नव्याने रंगवला. फार शहाणी ना मी, वाटलं कुणाला कळणारही नाही.

परत आल्यावर वडिलांनी काच उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

"हे डोळं माझं न्हाईत," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काय चुकलं हुतं, बाई?"

"काय न्हाई, आण्णा. थोडा रंग उडाला हुता."

मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं. काय चुकलं, ते मात्र मी आजवर सांगितलेलं नाही.

आता ते दर रेघेला काच पलटून बघतात. ओला रंग अंगठ्याला लागतो, रेघ फिसकटते, ती पुसून पुन्हा काढतात. चूक एका नथीची होती. मी तोंड उघडलं नाही, म्हणून त्यांना ती आता सगळीकडे दिसते. याचा राग मला दुसऱ्या कुणावर काढता येत नाही.

परवा त्यांनी माझ्यासमोर काच धरली. "बघ गं, बराबर हाय का?"

काचेवर अजून एक भुवईच काढलेली होती.