गच्चीवरचं बहुमत

आमच्या शेजारच्या सरांइतका राज्यशास्त्राचा जाच भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात लोकांना दुसऱ्या कुणी दिला नसेल. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांचा वर्ग सुटला, पण शिकवणं सुटलं नाही. समोर येईल तो विद्यार्थी. एकदा आम्ही दोघं शेअर रिक्षानं येत होतो. रिक्षावाल्यानं आपल्या शेजारी आणखी एक माणूस कोंबला, तेव्हा सरांनी शांतपणे विचारलं, "आधी बसलेल्यांची संमती घेतलीत का?" तो म्हणाला, "संमती घेत बसलो राव, तर गाडी हलायची न्हाई." सर इतके खूश झाले, की उतरेपर्यंत त्याला राज्यसंस्था कशी जन्माला येते ते समजावत राहिले. घरी सुनेनं दुधी करायचा ठरवला, तरी दोडक्याची बाजू आधी ऐकून घेतली जावी असा त्यांचा आग्रह असे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र या विद्येनं आमची सोसायटी वाचवली. मालवणच्या काकू गच्चीवर सुकट वाळवत, तिचा वास जिन्यात उतरे. आमचे चेअरमन चाकणच्या एका कंपनीत मॅनेजर. त्यांनी मीटिंगमध्ये ठराव मांडला, की बहुमतानं सुकट बंद करावी. काकू मान खाली घालून बसल्या होत्या. सर स्वतः शाकाहारी, वासानं त्यांचं डोकं उठायचं; तेव्हा पहिला हात त्यांचाच वर जाणार असं मी धरून चाललो होतो.

हात वर गेला, पण प्रश्न विचारायला. "बहुतेकांना ज्याचा त्रास, ते बंद. हेच तत्त्व ना? मग फक्त सुकटच का? सगळ्याच वाळवणावर मतदान घ्या."

चेअरमनना त्यात वावगं दिसलं नाही. आधी सुकट गेली. मग बिहारी जोडप्याच्या लोणच्याच्या बरण्या आल्या; तेल सांडतं म्हणून हात वर झाले, आणि त्यात काकूंचाही होता. लातूरच्या वहिनींच्या कुरडयांनी कावळे येतात म्हणून कुरडया गेल्या. सर प्रत्येक निकाल गंभीरपणे मोठ्यानं जाहीर करत होते. शेवटी ते म्हणाले, "आता बिबडे." बिबडे म्हणजे खानदेशातले ज्वारीचे मोठाले पापड, आणि ते वाळवायच्या खुद्द चेअरमनच्या आई. भराभर हात वर झाले. कोपऱ्यातून म्हातारी उठली आणि अहिराणीत म्हणाली, "मना बिबडासले काय व्हयनं रे भाऊ?"

सर म्हणाले, "पाहिलंत? या खोलीत बहुमत असं कुणाचंच नाही. जो एकटा सापडेल त्याच्याविरुद्ध बाकीचे जमतात, एवढंच. अशानं गच्ची स्वच्छ होईल, पण तिच्यावर आपल्यातलं कुणीच उरणार नाही."

पहिल्यांदा हसली ती म्हातारी. मग सगळे ठराव रद्द झाले आणि गच्ची वाटून घेतली. सुकटीला वाऱ्याच्या उलट बाजूचा कोपरा हवा होता. तो नेमका सरांच्या खोलीवर येत होता. "चालेल," ते म्हणाले, "तत्त्वाला थोडा वास यायचाच." त्या आठवड्यात गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सर हात पाठीमागे बांधून त्या सगळ्यातून किल्ला सर केल्यासारखे फिरत होते.

तिथंच लातूरच्या वहिनींनी त्यांना विचारलं, "सर, तुमच्या घरचं काय वाळत घालायचं?" सर मूळचे इथल्याच जुन्या गावातले, खाली आता जिथं कंपन्यांच्या शेड आहेत, तिथं त्यांची शेती होती. ते कठड्याशी जाऊन तिकडं वळले. "आई घालायची काहीतरी. हुलग्याचं," ते म्हणाले, आणि आवाज एकदम गावाकडचा झाला. "नाव इचारायचं ऱ्हाऊन गेलं बघा."

बायकांनी हुलगे दळून आणले आणि आपापल्या अंदाजानं वड्या घातल्या. वाळल्यावर तळून सरांपुढं ठेवल्या. त्यांनी एक तोंडात टाकली, डोळे मिटून सावकाश चावली. "अगदी हीच," म्हणाले. ते खरं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. सरांनी ताटली मात्र पूर्ण संपवली.